आधी हाव की आधी भाव?

शाळेच्या स्नेहसंमेलनाला पंधरा दिवस उरले की गणिताच्या तासाला बाहेर पडायची अधिकृत सोय व्हायची. कविता म्हणणाऱ्या मुलांना बाई व्हरांड्यात उभं करत आणि सांगत, "नुसती पाठ म्हणू नकोस, हावभाव कर." हावभाव म्हणजे काय, हे कुणी समजावून सांगितल्याचं आठवत नाही. चंद्र आला की बोट वर, पाऊस आला की दोन्ही हातांची बोटं झिमझिमत खाली, 'दूर' आलं की कपाळाशी तळहाताची पडवी, 'आई' आली की हात छातीवर. बालवाडीतल्या अभिनयगीतांनी हे सगळं आधीच अंगात मुरवलेलं असायचं. हा शब्द आपण कानाने शिकायच्या आधी हाताने शिकतो.

मोठेपणी याच शब्दाकडे आपण जरा संशयाने बघायला लागतो. 'बोलला काही नाही, पण हावभावांवरून समजलं,' असं म्हणताना हावभाव खरे असतात आणि शब्द खोटे. 'तिचे हावभाव बघितलेस का?' असं जिन्यात कुजबुजताना त्यात नखरा आलेला असतो. आणि नाटक बघून आलेला माणूस 'नुसते हावभाव, आत काही नाही' म्हणतो तेव्हा तोच शब्द शिवी झालेला असतो. एकाच शब्दाचे हे तीन नूर पाहिले की त्याचं कूळ शोधावंसं वाटतं.

जोडशब्द फोडला की पहिल्याच तुकड्यावर अडखळायला होतं. रोजच्या मराठीत हाव म्हणजे अधाशीपणा. ती हाव, आणि ती सुटते. हावभावातला 'हाव' मात्र पुल्लिंगी आहे आणि संस्कृतातून तसाच्या तसा आलेला आहे. वामन शिवराम आपट्यांच्या संस्कृत कोशात त्याची नाळ 'ह्वे' या धातूशी जोडली आहे. ह्वे म्हणजे हाक मारणं, बोलावणं. आपण ज्याचं आव्हान केलं आणि वर आवाहनाशी त्याचा कायमचा घोळ घालून ठेवला, तो 'आह्वान' हा शब्द याच घरातला. तेव्हा हा हाव म्हणजे मुळात हाक आहे. फक्त ती तोंडाने मारायची नाही, डोळ्याने आणि भुवईने मारायची.

ही हाक सविस्तर नोंदलेली सापडते ती भरताच्या नाट्यशास्त्रात. इसवी सनाच्या आगेमागे दोन-तीनशे वर्षांच्या पट्ट्यात आकाराला आलेला, छत्तीस अध्यायांचा आणि सुमारे सहा हजार श्लोकांचा हा ग्रंथ. त्यातल्या सामान्याभिनयाच्या अध्यायात स्त्रियांचे वीस अलंकार दिले आहेत, आणि त्या विसांत सोनंनाणं एकही नाही. सात अलंकार प्रयत्नाशिवाय असतात: शोभा, कांती, दीप्ती वगैरे. दहा स्वभावातून येतात. लीला, विलास, विभ्रम, ललित हे त्यांतले. ललित म्हणजे हात, पाय, भुवई, डोळा, ओठ यांची सुकुमार हालचाल. विभ्रम म्हणजे हर्षाच्या घाईगडबडीत बोलण्याची, हातवाऱ्यांची, दागिन्यांची होणारी अदलाबदल. मराठीने हे शब्द उचलले आणि वाटेल तिथे नेऊन ठेवले. लीला देवाकडे गेली, विलास श्रीमंतांकडे, आणि ललित आमच्यासारख्या लेख लिहिणाऱ्यांकडे.

उरलेले तीन अलंकार अंगज, म्हणजे शरीरातून उमटणारे: भाव, हाव आणि हेला. भरताने त्यांना नुसतं शेजारी बसवलेलं नाही, जिना बांधावा तसं रचलं आहे. सत्त्वातून भाव उठतो, भावातून हाव, हावातून हेला. दहाव्या शतकात माळव्याच्या मुंज राजाच्या पदरी असलेल्या धनंजयाने 'दशरूपक' लिहिलं, त्यात हा जिना आणखी स्पष्ट दिसतो. शांत, निर्विकार मनात पहिली चुळबुळ होते तो भाव. ती डोळ्यांत आणि भुवयांत उतरते तो हाव. आणि ती कुणाच्याही ध्यानात येईल इतकी उघड झाली की हेला. धनंजयाच्या टीकाकाराने भावाला मातीखाली फुगू लागलेल्या बियाची उपमा दिली आहे. तीच पुढे न्यायची तर कोंबाने माती उचलली की हाव, आणि पान उघडलं की हेला.

आपल्या जोडशब्दाकडे आता पुन्हा बघा. भरताने सांगितलेला क्रम भाव, हाव, हेला. आपण म्हणतो हावभाव. बाहेरचं आधी आलं आणि आतलं मागे गेलं. तिसरी हेला वाटेतच गळाली. खेळकर शृंगाराइतकाच बेपर्वाई हाही तिचा अर्थ होता, आणि त्या अर्थाने ती आता आपल्या अवहेलनेत शिल्लक आहे. शब्द उलटा का बांधला गेला, याचं उत्तर कदाचित नुसत्या उच्चाराच्या सोयीत असेल. पण या उलट्या बांधणीने एक जुना तंटा शब्दात कायमचा गोठवून ठेवला. नटाने आधी भाव आणायचा आणि हाव आपोआप उमटू द्यायचा, की आधी हाव नेमका करायचा आणि भाव त्याच्यामागून यायची वाट बघायची?

भाव या शब्दाशी खुद्द भरतही झगडला आहे. सातव्या अध्यायाच्या तोंडालाच तो विचारतो, यांना भाव का म्हणायचं? ते 'होतात' म्हणून, की ते 'होववतात' म्हणून? त्याचा कौल दुसऱ्या बाजूला आहे. वाणीने, अंगाने आणि सत्त्वाने काव्याचा अर्थ प्रेक्षकाच्या ठायी जे होववतात, ते भाव. मराठी भाव यातल्या दोन्ही अंगांनी वाढला. देवाच्या ठायी असतो तोही भाव, आणि बाजारात चढतो-उतरतो तोही भाव. नट भाव दाखवतो आणि नाव झालं की भाव खातो.

अभिनय या शब्दातही तीच दिशा आहे. 'नी' म्हणजे नेणं, 'अभि' म्हणजे समोर, कडे. समोरच्याकडे नेणं म्हणजे अभिनय. कशाने नेणं, याची चार वाहनं भरताने मोजली: अंगाने ते आंगिक, वाणीने ते वाचिक, वेशभूषा-रंगभूषेने ते आहार्य, आणि सत्त्वाने ते सात्त्विक. सोंग घेणं, नक्कल करणं असा अर्थ या शब्दाच्या हाडात नाही. तो आपण नंतर चिकटवला.

आंगिकात चेहऱ्याचा जो आठवा अध्याय आहे, तो वाचताना एखाद्या जुन्या पेढीची वही उघडल्यासारखं वाटतं. इतक्या बारकाईने माणसाचं तोंड क्वचितच कुणी हिशेबात मांडलं असेल. डोक्याच्या हालचाली १३. दृष्टी ३६. बुबुळांच्या हालचाली ९, पापण्यांच्या ९, भुवयांच्या ७. नाकाच्या ६, गालांच्या ६, ओठांच्या ६, हनुवटीच्या ७, मानेच्या ९. प्रत्येकाला नाव आणि प्रत्येकाचा वापर दिलेला. यांतली एकच जवळून बघू: करुण दृष्टी. वरची पापणी खाली उतरलेली. डोळ्यांत पाणी. दुःखाने बुबुळ मंदावलेलं, जड झालेलं. आणि नजर नाकाच्या शेंड्यापाशी. शेवटचं वाचून आधी हसू येतं. नाकाच्या शेंड्याकडे तर समाधी लावलेला बुवा बघतो. पण आरशासमोर करून बघा. डोळे तिरळे करायचे नाहीत, नजर फक्त आखूड करून नाकाच्या दिशेने खाली सोडायची. समोरचा माणूस, भिंत, खिडकी सगळं सुटतं. ज्याचं कुणी गेलं आहे त्याच्या डोळ्यांना बाहेरचं काही दिसत नाही, हे निरीक्षण भरताने नजर कुठे ठेवायची एवढ्या एका सूचनेत बांधलं आहे.

या सगळ्या मोजदादीच्या शेवटी तो मुखरागाकडे येतो. राग म्हणजे इथे रंग. चेहऱ्याचे रंग चार: स्वाभाविक, प्रसन्न, लालसर आणि काळवंडलेला. हातापायांचा अभिनय कितीही देखणा असो, चेहऱ्याचा रंग बदलला नाही तर तो शोभत नाही. आणि चेहऱ्याला रंग असेल तर थोडाही अभिनय रात्रीच्या चंद्रासारखा दुप्पट उजळतो, असं तो सांगतो. इतका हिशेब मांडून झाल्यावर, नुसत्या हिशेबाने भागत नाही, ही कबुली त्याने स्वतःच दिली आहे.

नाट्यगृहाचं मापसुद्धा याच चेहऱ्याने ठरवलं. दुसऱ्या अध्यायात माणसांसाठीचं नाट्यगृह ६४ हात लांब आणि ३२ हात रुंद सांगितलं आहे. दीड फुटाचा हात धरला तर साधारण ९६ बाय ४८ फूट, आणि यात रंगमंचही आला. याहून मोठं बांधू नका, असं भरत बजावतो. कारण मोठ्या घरात बोलणं फाटतं आणि चेहऱ्यावरचे, दृष्टीतले भाव लांबच्याला दिसत नाहीत. म्हणजे भिंती किती दूर असाव्यात, हे नटीच्या भुवईने ठरवायचं. आज हजार खुर्च्यांच्या सभागृहात शेवटच्या रांगेत बसून नाटक ऐकणाऱ्याला ही सूचना विशेष पटेल.

चौथं वाहन, सात्त्विक, हे सगळ्यांत अवघड. जागच्या जागी थिजणं, घाम, रोमांच, आवाज फाटणं, कापरं, चेहऱ्याचा रंग उडणं, अश्रू आणि शुद्ध हरपणं. स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभंग, वेपथू, वैवर्ण्य, अश्रू, प्रलय असे हे आठ. अडचण उघड आहे. भुवई हुकमाने चढते. घाम हुकमाने येत नाही. ज्याला दुःख झालेलंच नाही, त्याने अश्रू आणायचे कुठून? भरताचं उत्तर मनाकडे बोट दाखवतं. सत्त्व हे मनातून उपजतं, आणि मन एकाग्र झालं तरच उपजतं. मन दुसरीकडे असेल तर हे आठ साधणार नाहीत.

हा पेच फक्त आपल्याकडचा नाही. १८६२ साली द्युशेन या फ्रेंच वैद्याने चेहऱ्याच्या एकेका स्नायूला विजेचा हलका झटका देऊन, तो आकसल्यावर कोणता भाव दिसतो याची छायाचित्रं प्रसिद्ध केली. हसताना ओठांचे कोपरे वर ओढणारा स्नायू इच्छेला बधतो. डोळ्याभोवतीचा मात्र खऱ्या आनंदाशिवाय हलत नाही, असं त्याचं म्हणणं होतं. फोटोसाठी 'हसा' म्हटल्यावर आपलं तोंड हसतं आणि डोळे नुसतेच उभे राहतात, ते यामुळे. पुढे १९७८ साली पॉल एकमन आणि वॉलेस फ्रीझन यांनी चेहऱ्याच्या एकूण एक हालचालींना क्रमांक देऊन संकेतावली तयार केली. भरताच्या आठव्या अध्यायाला ती अनोळखी वाटली नसती.

नाट्यशास्त्राचं पोथी म्हणून जे झालं, ते चमत्कारिक आहे. त्याचं नाव सगळ्यांना ठाऊक, पण अखंड पोथी कुणाच्या हाती नाही, अशी स्थिती एकोणिसाव्या शतकात बराच काळ होती. युरोपातल्या पंडितांनी काही अध्याय छापले, आणि १८९४ साली मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याने काव्यमालेत ते छापून काढलं. काश्मीरच्या अभिनवगुप्ताने इसवी सन १००० च्या सुमारास लिहिलेली त्यावरची टीका, 'अभिनवभारती', बडोद्याहून १९२६ पासून प्रसिद्ध होऊ लागली. मराठीत गोदावरी केतकरांनी भरताच्या नाट्यशास्त्राची ओळख करून दिली, आणि रा. पं. कंगले यांनी 'रस-भाव-विचार'मध्ये सहावा-सातवा अध्याय अभिनवगुप्ताच्या टीकेसह आणला.

पोथी बंद असली तरी विद्या बंद नव्हती. केरळच्या कूडियाट्टम या संस्कृत नाट्यपरंपरेने ती शरीरात जपली. तिथे मुलं पहाटे उठून, डोळ्यांत तूप घालून बुबुळं फिरवायचा रियाज करतात. माणी माधव चाक्यार (१८९९–१९९०) हे नेत्राभिनयाचे अवलिये. दिव्याच्या ज्योतीत पतंग झेपावतो, एवढाच प्रसंग ते निव्वळ डोळ्यांनी उभा करत. अंग स्थिर, समोर काही नाही, फक्त दोन डोळे. तेच कधी थरथरती ज्योत होत आणि कधी तिच्याकडे ओढला जाणारा पतंग. ही हावाची परमावधी म्हणायची. हाक इतकी बारीक की ती ऐकायला मंदिराच्या आवारातल्या कूत्तंबलम या नाट्यगृहाएवढंच घर हवं.

महाराष्ट्रात या विद्येचे शब्द निराळ्या वाटांनी आले. एक वाट भक्तीची. रंगभूमीवरचे आठ सात्त्विक भाव संतांनी उचलले आणि थेट भक्ताच्या अंगावर उमटवले. ज्ञानेश्वरीच्या अकराव्या अध्यायात विश्वरूप पाहणाऱ्या अर्जुनाच्या देहाचं जे होतं, ते भरताच्या यादीत बसणारं आहे. तेव्हापासून कीर्तनाच्या मांडवात, दिंडीत, गाभाऱ्यासमोर माणसाचे 'अष्टसात्त्विक भाव' दाटून येत राहिले. नटाला जे कष्टाने आणावं लागतं ते भक्ताला न मागता मिळालं पाहिजे, अशी ही अपेक्षा. सात्त्विक या शब्दाचा मराठीतला आजचा सोवळा सूरही याच वाटेवर लागला असावा.

दुसरी वाट लावणीची. इथे हावाला एक सवत भेटली: अदा. हा शब्द अरबी-फारसीतून आला. त्याचा मूळ अर्थ चुकतं करणं, पार पाडणं. म्हणून आपण कर्जही अदा करतो, आणि लावणीवालीची अदाही बघतो. बैठकीच्या लावणीत बाई बसलेली असते. पायांची करामत बाजूला राहते. उरतात चेहरा, मान, हात आणि पदर. एक ओळ घेतली की ती पुन्हा पुन्हा म्हणायची. पहिल्यांदा आर्जवाने, मग रुसून, मग टोमणा मारत, मग आपलंच आपल्याला हसू येऊन. शब्द तेच, चालही तीच. बदलते ती भुवई, बोटांची ठेवण, आणि समेवर येताना नजर कुणावर टेकते ती जागा. वाईच्या यमुनाबाई वाईकरांनी (१९१५–२०१८) ही बैठक शंभरी गाठेपर्यंत सांभाळली. २०१२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. प्रत्येक फेरीला ओळीचं देणं नव्या नाण्यात चुकतं करायचं, हा अदेचा अर्थ अशा बैठकीत बसल्यावर कळतो. नखरा हाही फारसीच. हावातला नाजूकपणा अदेने घेतला, उठवळपणा नखऱ्याने, आणि हाव बिचारा भावाच्या आधाराने जोडशब्दात तग धरून राहिला.

मराठी नाटकाची सुरुवात सांगलीत १८४३ साली विष्णुदास भाव्यांच्या 'सीतास्वयंवरा'ने झाली. कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचा खेळ पाहून सांगलीचे संस्थानिक चिंतामणराव पटवर्धनांना तसा खेळ मराठीत हवासा वाटला, त्यातून हे घडलं. या नाटकांत पद्य सूत्रधार गाई. पात्रं त्या पद्याचा अभिनय करत आणि भाषणं आयत्या वेळची बोलत. म्हणजे शब्द एकाच्या तोंडात आणि चेहरा दुसऱ्याचा. त्यात राक्षसपार्टी आली की आरोळ्या, तलवारी, जमिनीवर पाय आपटणं. पुढच्या पिढीने या सगळ्याला 'अललडुर्र' असं नाव ठेवून हसून घेतलं. पण अपुऱ्या उजेडात, गच्च भरलेल्या मांडवात भुवईचा हाव कुणाला दिसणार होता? चौसष्ट हातांची मर्यादा मोडली की अंगाला मोठ्याने बोलावंच लागतं.

मग लिखित संहिता आली, तालीम आली. १८८० साली पुण्यात किर्लोस्करांचं 'संगीत शाकुंतल' रंगलं. गोविंद बल्लाळ देवलांसारखा तालीममास्तर वाक्यावाक्याला नटाच्या मागे लागू लागला. आगरकरांनी हॅम्लेट मराठीत आणताना त्याला नाव दिलं 'विकारविलसित'. विकार हा शब्द आज आपण फक्त डॉक्टरकडे नेतो. धनंजयाला भाव म्हणजे मनाचा पहिला विकार हेच म्हणायचं होतं, आणि आगरकरांच्या शीर्षकात तो जुना अर्थ जागा आहे. शाहूनगरवासी मंडळीत गणपतराव जोशी हॅम्लेट करत, आणि चेहऱ्यावर एकामागून एक विकार खेळवण्याबद्दल त्यांचं नाव झालं. दुसरीकडे पुरुष स्त्रीभूमिका करत होते, आणि त्यांच्या हाती हाव हे सगळ्यांत नाजूक हत्यार होतं. बालगंधर्वांचं पदर सावरणं, मान वेळावणं इतकं लोकांना भुलवून गेलं की घराघरांतल्या बायका त्यांच्यासारखं नेसू लागल्या. स्त्रियांचा म्हणून भरताने सांगितलेला अलंकार पुरुषाने कमावला, आणि तो पुन्हा स्त्रियांनी त्याच्याकडून घेतला.

१९३३ साली नाट्यमन्वंतर संस्थेने 'आंधळ्यांची शाळा' आणलं. स्त्रियांच्या भूमिका स्त्रियाच करत होत्या आणि माणसं घरात बोलतात तशी बोलत होती. हावभाव हा शब्द इथून पुढे खाली घसरू लागला, असं मला वाटतं. हातवारे, डोळे मोठे करणं, छातीवर हात मारणं हे जुन्या नाटकाचं लक्षण ठरलं. 'नैसर्गिक' हे नवं प्रशस्तिपत्र. नाट्यमन्वंतरवाल्यांपैकीच के. नारायण काळ्यांनी पुढे रशियन नाट्यदिग्दर्शक स्तानिस्लाव्स्कीचं पुस्तक 'अभिनयसाधना' या नावाने मराठीत आणलं. आतून या, बाहेरचं आपोआप येईल, हे त्याचं सांगणं मराठी नटांनी रशियाहून आल्यासारखं ऐकलं. आणि गंमत अशी की, भाव आधी, हाव नंतर, हा क्रम आपल्याच पोथीत होता. स्तानिस्लाव्स्की स्वतः मात्र उतारवयात उलट टोकाकडून निघाला: अंगाची कृती नेमकी करा, भावना तिच्यामागून येईल.

या भांडणात कॅमेऱ्यानेही तोंड घातलं. १९१३ साली फाळक्यांच्या 'राजा हरिश्चंद्रा'त तारामती झाले अण्णा साळुंके. पडद्याला आवाज नव्हता, त्यामुळे सगळं बोलणं चेहऱ्याकडे आलं. पुढे कॅमेरा जवळ सरकत गेला, आणि कूत्तंबलममध्ये पहिल्या रांगेला दिसे ती भुवई गावोगावच्या तंबू थिएटरात शेवटच्या बाकालाही दिसू लागली. भरताने चौसष्ट हातांत जे जपलं होतं, ते पडद्याने फुटांच्या हिशेबातून कायमचं सोडवलं. इतकं जवळून बघणारा डोळा आल्यावर मोठे हावभाव आणखीच खोटे वाटू लागले. आज मालिकेच्या सेटवर कुणी हावभाव मागत नाही. 'एक्स्प्रेशन दे' म्हणतात. आणि मुलाखतीला जाणाऱ्याला देहबोली सुधारायला सांगतात.

शब्द घसरला तरी त्याच्या मागचा भेद भाषेने सोडलेला नाही. मराठी माणसाच्या तोंडच्या वाक्प्रचारांचे दोन ढीग करून बघा. पहिल्या ढिगात: नाक मुरडणं, डोळे वटारणं, मान वेळावणं, गाल फुगवणं, तोंड वेंगाडणं, ओठ चावणं, कपाळाला आठ्या घालणं. भरताचे नाकाचे, गालांचे, ओठांचे सहा-सहा प्रकार यात सहज सापडतील. आता दुसरा ढीग: अंगावर काटा येणं, दरदरून घाम फुटणं, गळा दाटून येणं, चेहरा पांढरा पडणं, थरकाप होणं, जागच्या जागी थिजणं, डोळे भरून येणं, शुद्ध हरपणं. मोजा, बरोबर आठ आहेत, आणि क्रम सोडला तर ती भरताची सात्त्विकाची यादी आहे.

आता या दोन ढिगांचं व्याकरण तपासा. पहिल्यात करणारा कर्ता आहे: तिने नाक मुरडलं, त्याने डोळे वटारले. दुसऱ्यात कर्ता निसटतो: त्याला घाम फुटला, तिच्या अंगावर काटा आला, माझा गळा दाटून आला. तिने घाम फुटवला, असं कुणी म्हणत नाही. नाट्यशास्त्राचं नावही न ऐकलेली आजी हा फरक चुकत नाही. जे आपण करतो ते आंगिक, आणि जे आपल्याला होतं ते सात्त्विक, हा भेद आपल्या क्रियापदांत विभक्तीसकट शाबूत आहे.

मग नट काय करतो? दुसऱ्या ढिगातलं तो पहिल्या ढिगाच्या व्याकरणात ओढून आणतो. 'येणं'चं 'आणणं' करतो: डोळ्यांत पाणी आणलं, आवाजात कंप आणला. पण एक जागा अशी आहे, जिथे हे 'आणणं' त्याच्या स्वतःच्या देहावर थांबत नाही. 'काय काम केलं! अंगावर काटा आणला,' असं आपण म्हणतो तेव्हा तो काटा कुणाच्या अंगावर? नटाच्या नाही, आपल्या.

नाट्यशास्त्रात नाटक साधलं की फसलं, हे ठरवायला एक स्वतंत्र अध्याय आहे, आणि त्यात भरत पाठ फिरवून प्रेक्षकांकडे बघतो. प्रेक्षक मंद हसले का? 'अहो!' म्हणाले का? अंगावर रोमांच उठले का? जागेवरून उठले, अंगावरची वस्त्रं आणि अंगठ्या काढून फेकल्या का? लावणीचा दौलतजादा आणि नाटकातले वन्समोअर यांचे पूर्वज या यादीत भेटतात. या सगळ्यांवर त्याने एक सिद्धी ठेवली आहे, तिला तो दैवी म्हणतो. घर भरलेलं आहे आणि आवाज नाही, चुळबुळ नाही.

व्हरांड्यात बाई म्हणायच्या, हावभाव कर. पावसाची बोटं खाली आणताना माझं लक्ष माझ्याच बोटांवर असायचं, ती सारखी हलतात की नाही याच्यावर. हाक मारत होतो, पण कुणाला, ते बघायचं राहून गेलं.